मर म्हणजे झाड

४ जानेवारी २००४, रविवार

हरले! तेही राजूकडून, आणि तेही शेवटच्या बुट्टीला! तबकडी फणसाला लागली ती लागली, उलटी येऊन माझ्याच नडगीवर बसली. सुजलीय. आईला सांगितलं, पायरीवरून पडले. आई म्हणाली, कुठल्या पायरीवरून? आपल्या घराला पायरीच नाही.

खरंच नाही की. खोटं बोलताना घर आठवायला पाहिजे.

अनिश परवा अमेरिकेला परत गेला. माझा मामेभाऊ. जाताना तीन तबकड्या मला देऊन गेला — लांबची लाल, मधली पिवळी, आणि बुट्टीजवळची निळी. निळीला तो ‘पटर’ म्हणायचा, आम्ही तिचं पुत्तर केलं. खेळ म्हणजे गोल्फच, पण काठी नाही, चेंडू नाही. तबकडी फेकायची आणि कमीत कमी फेकीत बुट्टीत घालायची. अनिश म्हणाला होता, मोकळ्या मैदानात कुणीही खेळेल. छोटं, दाट झाडीतलं असेल तर कळतं कोण किती पाण्यात आहे.

आमचं तसलंच आहे. घरामागची पद्मनाभअण्णांची बाग. बाग कसली, रानच! अण्णा कॉलेजात झाडांचे मास्तर होते, वनस्पतीशास्त्राचे. नोकरीभर एकेक झाड लावत गेले. आंबा, फणस, साग, जांभूळ, सगळी एकमेकांना खेटून. बुट्ट्या राजूने आणल्या, त्याच्या मामाच्या अमरगोळच्या अडत दुकानातल्या, मिरचीच्या टोपल्या. अजून जवळ गेलं की ठसका लागतो. बुट्टीवर जुन्या सायकलींच्या चेनी टांगल्यात. तबकडी चेनींवर आपटून आत पडली की — खळ्ळ! त्या आवाजासाठी मी जेवण सोडीन.

अण्णा खिडकीतून बघतात. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. बायको मागेच वारल्या, मुलगा बेंगळूरला. आमच्याकडे बघतात की झाडांकडे, काय कळत नाही.

७ जानेवारी

तबकडी कुणाच्या अंगावर जायला लागली की ‘फोर’ ओरडायचं, असं अनिशने शिकवलेलं. तिकडची पद्धत. काल मी ओरडले. तर राजू आणि आमच्यातला तिसरा, श्रीहरी, दोघंही टाळ्या वाजवायला लागले! फोर म्हणजे चौका की! खाली बसायचं सोडून टाळ्या! श्रीहरीच्या कानाला चाटून गेली.

मग नवा शब्द शोधायला बसलो. आमच्यात धोका एकच — झाडाला लागून उलटी येते. म्हणून झाडाचंच नाव ओरडायचं ठरलं. राजू कलघटगीचा, घरी कन्नड. तो म्हणाला, गिड म्हणू. खरं आहे, इकडे कन्नडमध्ये झाडाला सगळे गिडच म्हणतात. पण गिड ओरडून बघ, घशातच राहतं. ‘मर’ कसं सुटतं! शाळेच्या कन्नड पुस्तकात झाड म्हणजे मर. त्या पुस्तकातलं मला तेवढंच आठवतं, ते तरी वापरू दे.

श्रीहरी म्हणाला, मराठीत त्याचं काय होतं माहिताय ना? म्हटलं, म्हणून तर.

१४ जानेवारी

अण्णांची सेवा करायला ठेवलेला माणूस पळाला. आता त्यांच्या थोरल्या बहीण आल्यात, अनसूयाआत्या. नाशकाहून. अण्णाही मूळचे तिकडचे, नोकरीला इथं आले आणि इथलेच झाले. आत्या मात्र पहिल्यांदाच राहायला आल्यात. कन्नडचं अक्षर येत नाही.

मला बोलावून म्हणाल्या, चार शब्द शिकव गं, अडून राहायला होतं. शिकवले. पाणी म्हणजे नीरु, मीठ म्हणजे उप्पु. दूधवाल्याला उद्या ये म्हणायचं तर नाळे बा. इथवर सगळं बरोबर शिकवलं, शपथ! मग त्यांनी विचारलं, भाजी केवढ्याला हे कसं विचारायचं? आणि माझे हात शिवशिवले. म्हटलं, ‘नी भाळ छंद इद्दी.’

म्हणजे तू फार देखणा आहेस!

त्यांनी घोकून घोकून पाठ केलं. मी असं कधी घोकलं असतं तर पी.यू.सी.च्या, म्हणजे बारावीच्या, इंग्रजीला परत परत बसावं लागलं नसतं.

२१ जानेवारी

आज भाजीच्या गाडीबरोबर भाजीवाल्याची बायको पण आली. कमरेवर हात ठेवून. संपलं.

२२ जानेवारी

आत्या ओरडल्या नाहीत. तेच वाईट. आमच्या घरी येऊन माझ्या वडलांना, अप्पांना, एवढंच म्हणाल्या, आठवडाभर कोथिंबीर फुकट मिळत होती, मला वाटलं इकडची माणसं चांगली आहेत.

अप्पांनी हसू गिळलं आणि मग मला धुतलं. मला पण हसू येत होतं. त्या गेल्यावर येईना झालं. परक्या गावात भावाचं करायला आलेली बाई. सकाळी नीट साडी नेसून गाडीपाशी जायची आणि विश्वासानं ते वाक्य म्हणायची. भाजीवाला लाजायचा म्हणे.

२५ जानेवारी

आज खेळ मधेच थांबला. राजू ‘मर!’ ओरडला, मी डोकं धरून खाली बसले, वर बघते तर समोर आत्या. हातात औषधाची बाटली तशीच.

म्हणाल्या, “आल्या दिवसापासून ऐकतेय. घरात माणूस पडलाय, आणि त्याच्या खिडकीखाली तुमचं मर, मर चाललंय. काय केलंय त्यानं तुमचं?”

मी म्हटलं, आत्या, मर म्हणजे झाड. कन्नडमध्ये.

“तुझं कन्नड मला भाजीवाल्याच्या बायकोनं शिकवलंय.”

तरी त्यांनी न्याय केला. कौसल्याला हाक मारली. कौसल्या त्यांच्याकडे धुणंभांडी करते, अळणावरकडची, मराठी-कन्नड दोन्ही बोलते. आत्यांनी विचारलं, झाडाला कन्नडमध्ये काय म्हणतात गं?

कौसल्या म्हणाली, “गिड की.”

मेले! म्हटलं, अगं मर पण म्हणतात ना? ती म्हणाली, “असंल बाई. आमी तर गिडच म्हणतो.” ती शाळेत गेली नाही, तिला पुस्तकातलं मर कुठून माहीत असणार! राजू तोंड उघडायला लागला तर आत्या म्हणाल्या, तू गप्प बस, तू हिच्यातलाच.

खेळायला बंदी नाही केली. अण्णा खिडकीतून बघतात, त्यांचा वेळ जातो म्हणून. पण ओरडायचं नाही. एक शब्द नाही.

३१ जानेवारी

न बोलता खेळतो. सवय झाली तर वेगळंच वाटतं. पानांवर पाय पडलेला ऐकू येतो. तबकडी सुटताना भुर्र करते ते ऐकू येतं. आंब्याला मोहोर आलाय, वास नाकात बसतो.

एक गोष्ट कळली. दोन सागांच्या मधून फेकायची असते, तिथं सागाकडे बघितलं की सागालाच लागते. मधल्या फटीकडे बघायचं, जिथं काहीच नाही तिथं. ‘काहीच नाही’कडे बघणं फार अवघड आहे. झाड डोळ्यात घुसतंच. राजूला सांगितलं, तो म्हणाला, तू पास होणारेस यंदा.

ओरडायचं नाही म्हणून राजूला दोनदा लागली. एकदा कानशिलाला. बिचारा न ओरडता नाचला.

३ फेब्रुवारी

अण्णा बोलले!!

संध्याकाळी आत्या खिडकीपाशी त्यांना मऊ भात भरवत होत्या. आम्ही बाहेर, नेहमीसारखे मुके. एकदम आतून आवाज आला. जाड, घोगरा, कुणाचा म्हणून कळेना.

“मर.”

आम्ही तिघंही सवयीनं खाली बसलो! मग एकमेकांकडे बघितलं. आमच्यातलं कुणी ओरडलंच नव्हतं. राजू म्हणाला, यप्पा, अण्णा! आणि आम्ही धावलो. मला वाटलं आत आनंदीआनंद असेल.

आत्या ताटली मांडीवर धरून बसल्या होत्या. अण्णांचं तोंडही पुसलं नव्हतं. अण्णा त्यांच्याकडेच बघत होते. आत्या आम्हाला म्हणाल्या, जा घरी.

५ फेब्रुवारी

आत्या परत चालल्या. कायमच्या. चौदा तारखेचं तिकीट काढायला अप्पांनाच सांगितलं. अण्णांचा मुलगा त्यांना बेंगळूरला नेणार, तिसऱ्या मजल्यावर, आणि घराला, बागेला कुलूप. आईने हे सांगितलं तेव्हा हातातली पोळी तशीच राहिली. ज्या माणसानं सगळं आयुष्य झाडं लावली, तो तिसऱ्या मजल्यावर कशाकडे बघणार?

मी गेले. आत्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. मी हात जोडून सांगितलं. ते आमच्या खेळातलं आहे, आम्ही ओरडायचं थांबलो म्हणून अण्णा आमच्यासाठी ओरडले, ते झाड म्हणाले. खरंच झाड म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. घडी घालत बोलल्या, “तुमच्या खेळातला शब्द असेल. त्याचा अर्थ झाड असेल, तेही मान्य. पण तो बोलला कुणाशी? घास मी देत होते. बघत माझ्याकडे होता. माझ्याशी तो कन्नड कशाला बोलेल? आमच्या आईनं त्याला कन्नड नव्हतं शिकवलं.”

मी म्हटलं, ते चाळीस वर्षं इथं आहेत.

“मुकं झालेल्या माणसाला पहिला शब्द फुटतो तो आईच्या भाषेत फुटतो.” मग जरा थांबून म्हणाल्या, “त्याची घाण काढायला मला लाज वाटत नाही, नेत्रा. त्याला वाटत असेल. लहानपणापासून मानी. आता मी समोर नको झालेय त्याला. ऐकून घेऊन राहू कशी?”

घरी येऊन राजू-श्रीहरीला विचारलं, त्या वेळी फेकत कोण होतं? तबकडी झाडाकडे चाललेली का? कुणालाच आठवेना. मलाही नाही.

खोटं असतं तर मी एका मिनिटात खपवलं असतं. खरं कसं खपवतात?

८ फेब्रुवारी

युक्ती केली. अण्णांच्या खिडकीसमोरच फणस आहे. ठरवलं, मुद्दाम फणसाला मारायची, परत परत, अण्णा बघत असताना. आत्या खोलीत असताना. अण्णा पुन्हा ‘मर’ म्हणतील आणि आत्यांना कळेल.

रोज झाड चुकवायला बघतो तर झाडालाच लागते. आज झाडाला मारायची तर एक लागेल तर शपथ! सरळ बाजूने जाऊन बुट्टीत. खळ्ळ! पुन्हा खळ्ळ! श्रीहरीची पण, राजूची पण. जन्मात एवढा चांगला खेळ झाला नव्हता. मला रडू यायला लागलं. शेवटी जवळ जाऊन हातानेच थाडथाड आपटली. अण्णा नुसते बघत राहिले. ओठ पण हलला नाही.

आत्या म्हणाल्या, पुरे आता, त्याला त्रास नको.

१० फेब्रुवारी

हुबळीला, विद्यानगरच्या डॉक्टरांकडे अण्णांना नेलं. आत्यांबरोबर अप्पा गेले होते. डॉक्टर म्हणाले, शब्द आला हे चांगलं झालं, आणखी येतील. पहिला शब्द कुठलाही येतो, कुणी शिवी देतं, कुणी देवाचं नाव घेतं, अर्थ असतोच असं नाही. अप्पांनी हे आत्यांना दोनदा समजावलं. आत्या गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाल्या म्हणे, अर्थ नसता तर माझ्याकडे बघून कशाला म्हणाला असता.

११ फेब्रुवारी

आज खेळलो नाही. झाडाखाली नुसते बसलो.

१३ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

उद्या आत्यांची गाडी. सकाळी अण्णांना ओसरीवर खुर्चीत बसवलं होतं, उन्हाला. आत्या अंगणात त्यांचं धोतर वाळत घालत होत्या, आमच्याकडे पाठ. आम्ही म्हटलं, शेवटचा डाव खेळून बुट्ट्या काढून ठेवू. काही सिद्ध करायचं नव्हतं. देवाशप्पथ, आज काहीच डोक्यात नव्हतं.

लाल तबकडी मी फेकली. जोरात फेकली, रागानं. फणसाच्या बुंध्यावर कडेला लागली आणि उलटी फिरली. जमिनीला समांतर, सुसाट, थेट आत्यांच्या डोक्याकडे. मला ओरडायचं होतं. तोंडातून आवाजच येईना. इतके दिवस मुकं खेळून जीभ गेलीच होती!

“मर!”

ओसरीवरून. अख्खी बाग दणाणली.

आणि आत्या खाली बसल्या. डोकं दोन्ही हातांनी धरून, धपकन. आम्ही बसतो तसंच. तबकडी त्यांच्या अंबाड्यावरून गेली आणि धोतराला घेऊन पलीकडे पडली.

त्या उठल्याच नाहीत. मला वाटलं लागलं. धावत गेले तर त्या जमिनीकडे बघत होत्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एवढे दिवस आम्हाला बघत होत्या तेवढंच. मराठीतलं ‘मर’ ऐकलं असतं तर बसल्या नसत्या!

मग तशाच बसून, मान न वळवता त्यांनी विचारलं, “पद्मू, झाड म्हणालास?”

अण्णांचं अर्धं तोंड हसत होतं. अर्ध्याला येत नाही. डोळ्यांतून पाणी. मान हलवली, हो, हो, हो.

आत्यांनी उठून पदरानं त्यांचं तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं थोबाडीत बसणार, आणि बसायलाच हवी होती, डोकं फुटलं असतं त्यांचं. तर म्हणाल्या, अप्पांना सांग, स्टेशनात जाऊन तिकीट रद्द करा.

२२ फेब्रुवारी

अण्णांना आणखी शब्द आले. चहा. नको. अनू. अनू म्हणजे आत्या. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आत्या उगाचच स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत होत्या.

आत्या आता कुणालाही सांगतात, मर म्हणजे झाड बरं का. काल भाजीवाल्याच्या बायकोला पण सांगितलं. ती म्हणाली, गिड. आत्या म्हणाल्या, तुम्हाला नाही माहीत, पुस्तकात मर आहे! दोघी हसल्या. कोथिंबीर फुकट मिळाली.

आज त्यांनी पुत्तर मागितलं. पदर खोचला, फुलं वाहतात तसं अलगद टाकलं. बुट्टीत! राजूनं कपाळाला हात लावला. ओसरीवर अण्णांनी डाव्या हातानं खुर्ची वाजवली.

आणि घरात जाताना मला म्हणाल्या, “तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता गं.” मी तेव्हापासून फुगून फिरतेय. जन्मात पहिल्यांदा खरं बोलले आणि ते खरं निघालं!

७ मार्च

आत्या चहा ठेवायला आत गेल्या. ओसरीवर अण्णा आणि मी. एकदम म्हणाले, “नेत्रा. पहिलं... मराठी.”

मला वाटलं परीक्षेचं विचारतायत. म्हटलं, नाही अण्णा, पेपर एकच, इंग्रजीचा, मराठी विषयच नाही मला.

त्यांनी मान हलवली, नाही. डावा हात वर केला, एक बोट. “मराठी.” मग दोन बोटं. “कन्नड.”

मग कळलं. पहिलं ‘मर’, भात भरवतानाचं. हळू विचारलं, आत्यांना म्हणालात?

पुन्हा मान हलवली, नाही. आणि तो हात आपल्याच छातीवर ठेवला.

आत कपबश्या वाजत होत्या. आत्या चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, काय गुपचूप चाललंय दोघांचं?

म्हटलं, काही नाही आत्या. झाडांचं.